‘लिंक नाही’ म्हणजे नेमके काय?
(संगणक जाळ्याची मूलतत्त्वे : पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी)

बँक, पोस्ट, तहसील कार्यालय, रेशन दुकान किंवा महाविद्यालयाची परीक्षा अर्जाची खिडकी, आज कोठेही गेले तरी एक वाक्य कानी पडतेच : “लिंक नाही.” कोणी म्हणतो “सर्व्हर डाऊन आहे”, कोणी म्हणतो “नेट गेले”. ऐकणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच कळतो. आज काम होणार नाही, उद्या या. निराधार योजनेचे पैसे काढण्यासाठी पंधरा-वीस किलोमीटरवरून आलेल्या म्हातारीला ह्या दोन शब्दांची किंमत मोजावी लागते. एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे जाते आणि सोबत आलेल्या मुलाची एका दिवसाची मजुरी बुडते.

वास्तविक हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत. लिंक म्हणजे दोन ठिकाणांना जोडणारा दुवा, सर्व्हर म्हणजे पलीकडे बसून उत्तर देणारा संगणक, आणि नेट म्हणजे त्या दोहोंमधील सगळा रस्ता. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला की दुरुस्तीही चुकीच्या ठिकाणी सुरू होते.

आपल्या भागातील पुष्कळ मुले-मुली आता संगणक विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेत आहेत. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना आपले विद्यापीठ जवळ आले. ह्या विद्यार्थ्यांना ‘कॉम्प्युटर नेटवर्क’ हा विषय असतो. त्यांना सात थरांची नावे विचारा, एका दमात सांगतील. परंतु “लिंक नाही म्हणतात, तर नेमकी कोठे नाही?” असे विचारले की बहुतेकजण थांबतात. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, ह्या विषयाचा गाभा म्हणजे अडलेले काम कोठे अडले हे शोधून काढण्याची रीत आहे, हे विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या ध्यानात यावे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून. विषय समजावा म्हणून विद्यार्थ्यांचीच पुस्तके वाचली. तेव्हा ज्याला गणिताची भीती वाटते त्यानेही हा लेख बिनधास्त वाचावा.

नागभीड जंक्शन आणि इंटरनेट

इंटरनेट म्हणजे काय, हे समजण्यासाठी नागभीडकराला दूर जाण्याचे कारण नाही. आपले स्टेशन जंक्शन आहे. एक मार्ग गोंदियाकडे, एक चांदा फोर्ट-बल्लारशाकडे आणि एक नागपूरकडे. हे सगळे मार्ग मूळचे नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर. नव्वदच्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाला, म्हणजे अंतर १६७६ मिलिमीटर. नागपूरची गाडी मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत नॅरोगेजच होती. त्यामुळे मधल्या काळात नागभीडला एका स्टेशनात दोन गेज होते. एका गाडीचा डबा दुसरीच्या रुळावर चढू शकत नव्हता. माणसाने आपले गाठोडे उचलायचे, फलाट ओलांडायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. गाठोडे तेच, गाडी बदलली.

संगणकाच्या जगात १९७० च्या सुमारास नेमकी हीच अडचण आली. अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे १९६९ साली सुरू झाले. पुढे रेडिओवर चालणारे वेगळे, उपग्रहावर चालणारे वेगळे अशी जाळी निघाली. प्रत्येकाचा ‘गेज’ निराळा. मग ती एकमेकांशी बोलणार कशी? विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान ह्या दोघांनी १९७४ साली ह्यावर आपला उपाय प्रसिद्ध केला. रेल्वेने गेज एकच करण्याचा मार्ग धरला, ह्यांनी उलटा धरला. प्रत्येक जाळ्याचा गेज आहे तसाच राहू द्या. गाठोड्याचा आकार आणि त्यावरील पत्त्याची चिठ्ठी मात्र सर्वांनी एकच ठेवा. आणि जेथे दोन जाळी मिळतात तेथे गाठोडे इकडून तिकडे ठेवणारा एक हमाल बसवा. ह्या हमालाला आज आपण राउटर म्हणतो. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने हीच पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. तिचेच नाव टी.सी.पी./आय.पी.

म्हणूनच आज तुमच्या मोबाईलवरून निघालेला संदेश प्रथम हवेतून टॉवरकडे जातो, तेथून काचेच्या तारेतून नागपूर-मुंबईकडे जातो, समुद्राखालच्या केबलमधून परदेशी जातो आणि शेवटी कोणाच्या घरच्या तांब्याच्या तारेतून त्याच्या संगणकात शिरतो. वाटेत गाडी चार-पाच वेळा बदलते, चिठ्ठी मात्र तीच राहते. ‘इंटर-नेट’ ह्या शब्दाचा अर्थच जाळ्यांना जोडणारे जाळे असा आहे.

पोती, पावती आणि हरवलेला माल

आता गाठोड्याविषयी. जुन्या टेलिफोनमध्ये दोघे बोलत असताना त्यांच्यामधली पूर्ण लाईन त्यांच्यासाठी अडकून राहत असे. दोघे गप्प बसले तरी तिसऱ्याला ती मिळत नसे. संगणकाच्या जाळ्यात तसे होत नाही. येथे माहितीचे तुकडे करतात. ह्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. एका पॅकेटचा आकार साधारणपणे १५०० बाइटपर्यंत असतो. मोबाईलने काढलेले ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठविले, तर त्याची सुमारे दोन हजार पॅकेटे होतात.

कल्पना करा की, शेतातून राईस मिलला दोनशे पोती धान पाठवायचे आहे. सगळे एका ट्रॅक्टरवर मावणार नाही. म्हणून प्रत्येक पोत्यावर मिलचा पत्ता आणि अनुक्रमांक लिहिला, आणि मिळेल त्या ट्रॅक्टरवर पोती टाकली. काही ट्रॅक्टर मुख्य रस्त्याने गेले, काही पांदणीने गेले. मिलमध्ये पोती मागेपुढे पोचली, तरी अनुक्रमांकामुळे ती ओळीने लावता येतात. समजा ४७ नंबरचे पोते आलेच नाही, तर मिलवाला निरोप देतो, “४६ पर्यंत पोचली, ४७ पाठवा.” पाठविणारा ते पुन्हा पाठवितो.

पोते पत्त्यावर नेणे हे आय.पी.चे काम. अनुक्रमांक लावणे, पावती घेणे आणि हरवलेले पुन्हा पाठविणे हे टी.सी.पी.चे काम. ही वाटणी विद्यार्थ्याने पक्की समजून घ्यावी. रस्त्यावरचे राउटर पोते पोचविण्याची हमी देत नाहीत. गर्दी झाली तर ते सरळ खाली टाकून देतात. हमी दोन टोकांचे संगणक आपसात घेतात. रस्ता साधा आणि शहाणपण दोन टोकांना, ही इंटरनेटची मूळ रचना आहे. त्यामुळेच रस्त्यावर काही न बदलता टोकांना नवनवी कामे सुरू करता आली.

फोनवर बोलताना मात्र हरवलेला शब्द दोन सेकंदांनी परत येऊन उपयोग नसतो. तेथे पावतीची भानगड नसलेली यू.डी.पी. ही पद्धत वापरतात. पैशाच्या व्यवहारात एकही अंक हरवून चालत नाही, तेथे टी.सी.पी. लागते. परीक्षेत ‘दोहोंतील फरक लिहा’ हा प्रश्न येतो तेव्हा तक्ता पाठ करण्याआधी ही दोन उदाहरणे आठवावीत.

पत्ता : पिनकोड, आय.एफ.एस.सी. आणि आय.पी.

पत्त्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. तो तयार करणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ व संस्कृतचे कवी होते. नागभीडचा पिनकोड ४४१२०५. आपला जिल्हा चंद्रपूर, पण चंद्रपूर शहराचा पिनकोड ४४२४०१, म्हणजे पहिले तीन अंकच वेगळे. असे का? कारण पिनकोड जिल्ह्याच्या नकाशावरून पडलेला नाही, टपाल कोणत्या वाटेने छाटले जाते त्यावरून पडलेला आहे. मुंबईत टपाल छाटणाऱ्याला नागभीड कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. ‘४४’ दिसले की थैली विदर्भाच्या गाडीत टाकायची, एवढे त्याला पुरते. पुढचे पुढच्याने पाहावे.

राउटर अगदी असेच काम करतो. त्याच्याजवळ जगातल्या प्रत्येक संगणकाची यादी नसते. ‘अमुक अंकांनी सुरू होणारे पत्ते ह्या तारेने’ असा एक तक्ता त्याच्याजवळ असतो. आय.पी. पत्ता म्हणजे टिंबांनी अलग केलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. त्याचा पुढचा भाग जाळे सांगतो, मागचा भाग त्या जाळ्यातला संगणक सांगतो. ‘सबनेट मास्क’ ह्या शब्दाला विद्यार्थी फार घाबरतात. पत्त्याचा किती भाग जाळ्याचा आणि किती भाग घराचा, हे सांगणारी खूण म्हणजे सबनेट मास्क, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हा बँकवाल्यांचा आय.एफ.एस.सी. हाही असाच पत्ता आहे. अकरा खुणा, पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. पैसे पाठविताना आधी बँक ठरते, मग शाखा, आणि शाखेत गेल्यावर खाते क्रमांक. संगणकातही आय.पी. पत्त्याने आपण इमारतीपर्यंत पोचतो. आत कोणत्या खिडकीवर जायचे हे ‘पोर्ट नंबर’ सांगतो. वेबपानाची सुरक्षित खिडकी ४४३, पत्र पाठविण्याची २५, नाव विचारण्याची ५३. पत्ता बरोबर असूनही खिडकी बंद असू शकते, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

जुन्या पद्धतीचे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली आहे आणि एकेका घरात तीन-तीन मोबाईल आहेत. पत्ते पुरणार कसे? ह्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे पुष्कळ मोठा नवा पत्ता, ज्याला आय.पी. आवृत्ती ६ म्हणतात. दुसरा म्हणजे वाड्याचा दरवाजा एकच ठेवून आतल्या खोल्यांना घरगुती क्रमांक देणे. आपल्या घरच्या राउटरने दिलेला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता हा असा घरगुती क्रमांक आहे. तो तुमच्याही घरी असतो आणि शेजाऱ्याच्याही. बाहेरच्या जगात तो चालत नाही.

राहता राहिले नाव. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. नाव दिले की आकडी पत्ता काढून देणारी सोय पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ मध्ये सुचविली. ती डी.एन.एस. होय. ती बंद पडली तर रस्ता सुरू, पलीकडचा संगणक सुरू, तरी पान उघडत नाही. जगासाठी ‘नेट गेले’, पण प्रत्यक्षात फक्त पत्ता सांगणारा गैरहजर असतो.

वेग म्हणजे काय?

“आमच्याकडे शंभरचा प्लान आहे, तरी पान लवकर उघडत नाही,” अशी तक्रार नेहमी ऐकू येते. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. घोडाझरीच्या कालव्याचे उदाहरण घ्या. कालवा किती रुंद आहे ही एक गोष्ट, आणि दार उघडल्यावर पाणी शेवटच्या बांधीत किती वेळाने पोचते ही दुसरी. पहिलीला बँडविड्थ म्हणतात, दुसरीला लेटन्सी, म्हणजे लागणारा विलंब. शिवाय वरच्या शेतकऱ्यांनी पाणी घेतले की टेलवरच्याला कमी मिळते, हे तर आपल्याला सांगायला नकोच. संध्याकाळी सर्वांनी एकदम व्हिडिओ लावले की एका टॉवरवर हेच होते.

विलंबाचा हिशेब करून पाहू. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपर्यंत तार ८०० किलोमीटर धरली तर जायला ४ आणि यायला ४, असे ८ मिलिसेकंद लागतात. जंगल भागात जेथे तार पोचत नाही, तेथे छपरावर तबकडी बसवून उपग्रहाद्वारे जोडणी देतात. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यास ७२ हजार किलोमीटर, म्हणजे पाव सेकंद. उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद. एका प्रश्नोत्तराला अर्धा सेकंद झाला. एक पान उघडताना दोन संगणकांत आधी ओळख, मग कुलूपकिल्लीची देवाणघेवाण, मग मागणी अशी चार प्रश्नोत्तरे झाली, तर दोन सेकंद नुसते येण्याजाण्यात गेले. ही जोडणी कितीही ‘रुंद’ केली तरी हे दोन सेकंद कमी होणार नाहीत. भामरागड-एटापल्लीसारख्या भागात उपग्रहावर चालणाऱ्या खिडकीवर वेळ लागतो, त्याचे एक कारण हे आहे. तेथला कारकून दरवेळी आळशी असतो असे समजू नये!

भारतात हे कसे आले?

हे ज्ञान भारतात आले ते विद्यापीठांच्या व संशोधन संस्थांच्या वाटेने. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट ही योजना सुरू केली. पाच आय.आय.टी., बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील जुहूची एन.सी.एस.टी. ही संस्था आणि स्वतः तो विभाग, असे आठ सहभागी होते. एन.सी.एस.टी.चे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी हे ह्या कामातील अग्रणी. १९८७ मध्ये जुहूची एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. ह्या मुंबईतल्याच दोन संस्थांमध्ये साध्या टेलिफोन लाईनवरून संगणकीय पत्रव्यवहार सुरू झाला. त्या काळी ९६०० बिटचा मोडेम म्हणजे चैन वाटे. मघाचे ३ मेगाबाइटचे छायाचित्र त्यावरून पाठवायचे झाले असते तर चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागला असता.

त्याच सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एन.आय.सी.ने, उपग्रहाच्या तबकड्या बसवून जिल्ह्याची ठिकाणे जोडण्यास सुरुवात केली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. बँकांसाठी इन्फिनेट हे स्वतंत्र जाळे १९९९ मध्ये सुरू झाले. त्यानंतर आर.टी.जी.एस. २००४ मध्ये, एन.ई.एफ.टी. २००५ मध्ये आणि यू.पी.आय. २०१६ मध्ये आले. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले.

ह्या इतिहासातून विद्यार्थ्याने एक बोध घ्यावा. जुहू आणि पवईच्या लोकांजवळ सुरुवातीला होते काय? काही संगणक, मोडेम आणि कटकट करणारी टेलिफोन लाईन. लाईन तुटली की का तुटली हे ते शोधत आणि पुन्हा जोडत. आज आपल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशातला मोबाईल त्यांच्या त्या साऱ्या सामग्रीपेक्षा कितीतरी वेगवान आहे.

शोधण्याची रीत : सहा पायऱ्या

आता मुख्य मुद्दा. पुस्तकात जे थर दिलेले असतात ते तपासणीच्या पायऱ्या म्हणून वाचावेत. आय.एस.ओ. ह्या जागतिक संस्थेने १९८४ मध्ये सात थरांचा नमुना प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष इंटरनेट त्याहून कमी थरांत चालते. प्रत्येक थर आपल्यापुरते काम करतो आणि खालच्यावर विसंबून असतो. पोस्टमन पाकीट फोडून मजकूर वाचत नाही आणि पत्र लिहिणारा पोस्टमनच्या सायकलची चिंता करीत नाही, तसे हे आहे. म्हणून खालून वर चढत जावे.

पहिली पायरी, तार व वीज. यंत्राला वीज आहे काय? तार खोचलेली आहे काय? खाचेजवळचा दिवा लागतो काय? बिघाड पुष्कळदा येथेच सापडतो.

दुसरी पायरी, स्वतःचा पत्ता. विंडोज संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की, राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने स्वतःच काहीतरी धरले आहे.

तिसरी पायरी, आपल्या दारापर्यंतचा रस्ता. घरच्या किंवा कार्यालयाच्या राउटरला ‘पिंग’ करावे. पिंग म्हणजे हाक मारणे. पलीकडून ‘ओ’ येते आणि किती मिलिसेकंदांत आली तेही कळते. ‘ओ’ आली तर इमारतीतली तार ठीक आहे.

चौथी पायरी, बाहेरचा रस्ता. ८.८.८.८ हा गुगलचा सर्वांना खुला असलेला पत्ता आहे. त्याला पिंग करावे. दारापर्यंत ‘ओ’ येते पण येथून येत नाही, तर दोष बहुधा दाराबाहेर आहे. रस्ता खोदताना केबल तुटली असेल किंवा टॉवरची वीज गेली असेल. ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा वाटेतली एकेक स्टेशने दाखविते. गाडी कोणत्या स्टेशनापुढे गेली नाही, ह्याचा अंदाज येतो. एखादे स्टेशन मुद्दाम उत्तर देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पाचवी पायरी, नाव. ‘एनएसलुकअप’ ह्या आज्ञेने नाव विचारावे. आकड्याला ‘ओ’ मिळते पण नावाचा पत्ता निघत नाही, तर दोष डी.एन.एस.चा.

सहावी पायरी, पलीकडची खिडकी. वरच्या पाचही गोष्टी ठीक असतील, इतर पाने उघडत असतील आणि एकच पान उघडत नसेल, तर आणि तरच म्हणावे की “सर्व्हर डाऊन आहे”.

ह्या सहा पायऱ्यांना पाच मिनिटे लागतात. त्यानंतर खिडकीवरच्या म्हातारीला “उद्या या” ऐवजी “तार इथेच सुटली होती, दहा मिनिटे बसा” असे सांगता येते, किंवा “बाहेर केबल तुटली आहे, आज थांबू नका, शेवटची एस.टी. चुकेल” असेही सांगता येते. दोन्हींत तिचा दिवस वाचतो. पंचायतीत तार येऊन पोचली म्हणजे काम झाले असे नाही. ती रोज चालू ठेवणारे माणूस त्याच गावात असावे लागते. ग्राहक सेवा केंद्र, शाळा, दवाखाना, राईस मिल, सगळीकडे हे माणूस लागणार आहे. ते आपल्या मुला-मुलींतून का निघू नये?

अभ्यास कसा करावा?

विद्यार्थी मित्रांनो, ह्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दोन जुने संगणक आणि एक तार घेऊन स्वतः जाळे जोडा. तारेच्या टोकाला खटका बसविण्याचे हत्यार फार महाग नाही. आठ तारांचा रंगक्रम एकदा हाताने लावला की जन्मात विसरत नाही : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ही तार १०० मीटरपलीकडे चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘पॅकेट ट्रेसर’ ह्या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमात राउटर, स्विच सगळे पडद्यावर जोडून पाहता येते. ‘वायरशार्क’ हा दुसरा मोफत कार्यक्रम तारेतून जाणारे प्रत्येक पॅकेट उघडून दाखवितो. पुस्तकातले थर तेथे एकाखाली एक डोळ्यांना दिसतात. मात्र तो आपल्याच जाळ्यावर चालवावा, दुसऱ्याच्या नव्हे.

पुस्तकांत फोरोझन ह्यांचे सोपे, टॅनेनबॉम ह्यांचे सखोल. इंग्रजी जड गेले तरी आकृत्या सोडू नका. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. व स्वयम् ह्या सरकारी योजनांतून घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. रोज एक आज्ञा चालवा, उत्तर वहीत उतरवा आणि ते तसे का आले हे शेजारच्या मुलाला मराठीत समजावून सांगा. मराठीत सांगता आले म्हणजे समजले. नाही आले तर तो भाग पुन्हा वाचा.

पालकांनी मुलाला फक्त “किती टक्के मिळाले?” असे विचारू नये. घरचे नेट बंद पडेल त्या दिवशी “कोठे अडले ते शोधून सांग” म्हणावे. आणि आपल्या मंडळासही एक सूचना : सभागृहाच्या कोपऱ्यात एक टेबल, कोणी टाकून दिलेले दोन-तीन संगणक, एक स्विच, एक खटका-हत्यार आणि तारेचे एक वेटोळे एवढे ठेवले, तर रविवारी दहा मुले तेथे बसू शकतील. त्यांतील दोघांनी तरी वर्षभरात ‘लिंक नाही’ ह्या वाक्यापुढे “कारण...” हा शब्द जोडायला शिकले पाहिजे. कारण समजलेल्या माणसाला पुढची दुरुस्ती सुचते, आणि अशा माणसाला आज आपल्या तालुक्यातही काम आहे.